पंपाची प्रकृती

माझ्या खोलीतला पंखा फिरेनासा झाला, म्हणून मी घरमालकांकडे तक्रार घेऊन गेले. दुसरा कोणी असता तर 'बघू' म्हणाला असता, नाहीतर 'तुमचा तुम्ही करून घ्या' म्हणाला असता. आमच्या घरमालकांनी हातातला पेपर बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि विचारलं, "कधीपासून आहे हा त्रास?"

"सकाळपासून."

"एकदम थांबला, का हळूहळू दमत गेला?"

"हळूहळू."

"थांबायच्या आधी कुरकुर करत होता? डावीकडून का उजवीकडून?"

मला वाटलं, माझी फिरकी घेतायत. मी तेव्हा यवतमाळहून नुकतीच नागपूरला आले होते. एका मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायची नोकरी लागली होती आणि धरमपेठेतल्या या घराची मागची खोली भाड्याने घेऊन जेमतेम आठवडा झाला होता. घरमालक होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत हे दारावरच्या पाटीवरून कळलं होतं. त्यांची प्रॅक्टिस पंख्यांपर्यंत गेली आहे हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

पंखा बरा व्हायला सगळा एप्रिल गेला. डॉक्टर रोज संध्याकाळी स्टुलावर चढून त्याची विचारपूस करत, तेलाचे थेंब देत आणि "आज कसं वाटून राहिलं?" असं खाली उभ्या असलेल्या मला विचारत. मी ओला टॉवेल पांघरून झोपत होते आणि मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत होते. मग एक दिवस तो पंखा खरोखर फिरायला लागला आणि मी त्या घरात होते तोवर पुन्हा म्हणून थांबला नाही. समोरच्याला धड मनसोक्त रागावूही द्यायचं नाही, ही त्यांची खोड मला तेव्हाच कळायला हवी होती.

डॉक्टरांच्या लेखी मोडकं असं काही नसायचंच. जे होतं ते आजारी. खुर्चीच्या एका पायाला फळकुटं बांधून प्लास्टर घातलेलं होतं. रेडिओला सकाळी खोकला येई, तो त्यांनी 'जुना आहे, राहू दे' म्हणून सोडून दिला होता. स्वतःचा पुढचा एक दात हलत होता. बोलताबोलता ते तो जिभेने जागेवर ढकलत, पण काढायचं नाव नाही. "बदलायले अक्कल लागत नाही पोरी," ते मला सांगत, "बरं करायले लागते."

माणसांनाही ते इतके प्रश्न विचारत की अर्धी माणसं बोलूनच बरी होऊन जात. गाडी चालवताना हॉर्न वाजवत नसत. हॉर्न म्हणजे त्यांच्या मते शिवी. रस्त्यात बैल उभा असला तरी खिडकीतून डोकं बाहेर काढून ते "जरा बाजूले होता का जी?" असं त्यालाही म्हणत, आणि बैल होईपर्यंत थांबत. एकदा मी शाळेतल्या हेडबाईंशी कडाकडा भांडून घरी आले, तर फाटकातच गाठून विचारलं, "राग तुले आधी डोक्यात येते का पोटात?"

"तोंडात," मी म्हटलं.

त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची एक पुडी दिली. राग काही गेला नाही, गोळ्या मात्र गोड लागल्या.

काकू, म्हणजे त्यांची बायको, अगदी उलट्या वळणाच्या. त्यांना नव्याची हौस. जुनं धोतर, पोचा आलेली बादली, जे हाताला लागेल ते त्या भांडेवालीला देऊन टाकत आणि चकचकीत स्टीलचा डबा घेत. एकदा डॉक्टर भांडेवालीच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत धावत गेले आणि स्वतःचा कोट सोडवून घेऊन आले. बदल्यात तो नवा डबा तिला परत द्यावा लागला.

"याले फक्त बाहीचा त्रास होता," कोट झटकत ते काकूंना म्हणाले.

"अन् मले डोक्याचा आहे," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांच्या सगळ्या पेशंटांत पहिला मान गाडीचा. काळी, गोल पाठीची, विलायती बनावटीची जुनी गाडी फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली उभी असे. कोण्या खाणमालकाचा दमा डॉक्टरांनी बरा केला होता, त्याने ती खुशीने देऊन टाकली होती. "दमा त्याचा गेला अन् धाप गाडीले लागली," असं काकू म्हणत.

धाप लागे ती पंपाला. गाडीची पेट्रोलची टाकी मागे आणि इंजिन पुढे. मागचं पेट्रोल पुढे ओढून आणायला इंजिनाच्या कुशीला मुठीएवढा एक पंप बोल्टांनी आवळलेला. त्याच्या पोटात रबरी कापडाचा गोल पडदा. इंजिन फिरलं की तो खालीवर होतो आणि घोट घोट पेट्रोल ओढतो. वर काचेची एक वाटी, तिच्यात चढलेलं पेट्रोल दिसतं. हे सगळं मी शाळेत शिकवू शकले असते, पण मी ते शिकले बॉनेटखाली वाकून, डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून. रोज सकाळी ते त्या काचेच्या वाटीत डोकावत. याला ते 'जीभ पाहणं' म्हणत. "आज साफ आहे," असा निकाल बाहेर पडला की काकू आतून ओरडत, "पंपाची जीभ पाहून झाली असन तर चहा थंडा होऊन राहिला तो पाहा."

हिवाळ्यात पंपाची तक्रार नसे. पण नागपूरचा उन्हाळा माणसाला उभं राहू देत नाही तिथे पंपाची काय कथा! दुपारच्या उन्हात पेट्रोल पंपातच उकळे, त्याची वाफ होई, पडद्याला काही ती वाफ ओढवत नसे, आणि गाडी दोन आचके देऊन गप्प होई. मी सायन्सवाली म्हणून एकदा स्पष्टच सांगितलं, "डॉक्टर, पंपाचा यात काही दोष नाही. आतलं पेट्रोल उकळतं."

"म्हणजे ताप आहे," डॉक्टर आनंदाने म्हणाले.

तापावर ओल्या कापडाच्या घड्या. तेव्हाचे टॅक्सीवालेही पंपावर ओलं फडकं टाकत, पण डॉक्टरांना फडकं चालत नव्हतं. कूलरसाठी आणलेला वाळा भरून त्यांनी एक लहानशी उशी शिवली होती. ती भिजवून पंपावर ठेवायची, सुकली की परत भिजवायची. गाडी गल्लीत शिरली की लोकांना वाटे सरबतवाला आला.

एकदा आतला पडदा फाटला. पडदा बदलणं हे त्यांच्या शास्त्रात अवयव बदलणं नव्हतं. कातडी सोलवटली तर नवी येतेच की, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दवाखान्यातली गरम पाण्याची रबरी पिशवी कापली आणि तिचा पडदा केला. मी म्हटलं, "असलं रबर पेट्रोलमध्ये फुगतं."

"फुगू दे. सूज आहे, उतरते."

लॉ कॉलेजच्या चौकात गाडी बसली. पंप उघडला तर आत पडदा पुरीसारखा टम्म फुगलेला. गाडी ढकलत मोमिनपुऱ्यातल्या मिस्त्रीकडे नेली, ढकलणाऱ्यांत मीही होते. मिस्त्रीने ती पुरी चिमटीत धरून उजेडात पाहिली आणि म्हणाला, "डॉक्टरसाब, पूरा पंप ही नया डाल दो. आधे घंटे का काम है."

"तुम्हारे अब्बा के घुटने दुखते हैं ना?" डॉक्टरांनी विचारलं. "नए अब्बा लाए क्या?"

मिस्त्री इतका हसला की त्याने पडद्याचं खरं कापड कापून, बसवूनही दिलं. मी मात्र घरी येईपर्यंत बोलले नाही. माझी नवी साडी काळी झाली होती.

एवढं ज्या गाडीचं कौतुक, त्या गाडीत काकू कधी बसत नसत. भाजीला नाही, देवळाला नाही, कुठेच नाही. हे मला कळलं मी आल्यानंतर त्या पहिल्यांदा माहेरी निघाल्या तेव्हा. काकूंचं माहेर काटोलजवळ, संत्र्यांचा मोठा बगीचा. सकाळी त्या सायकलरिक्षात बसल्या. मला वाटलं, डॉक्टर घरीच राहणार. तर त्यांनी गाडी काढली आणि रिक्षाच्या मागे पहिल्या गिअरमध्ये निघाले. पुढे घामाघूम रिक्षावाला, मागे खाणमालकाची गाडी. स्टँडवर काकू एसटीत बसल्या. एसटी निघाली, तिच्या मागे डॉक्टर. एसटी थांब्यावर थांबली की गाडी थांबे, एसटी निघाली की गाडी निघे, असं थेट काटोलपर्यंत.

पुढे मीही एकदोनदा या वरातीत गेले, कधी बसमध्ये तर कधी गाडीत. कंडक्टर लोकांना हा प्रकार पाठ होता. घंटी मारायच्या आधी ते मागे वाकून बघत, "आले का जी डॉक्टर?" काकू नेहमी अगदी शेवटच्या सीटवर बसत, जिथे माणूस टोपल्यातल्या कांद्यासारखा उडतो. पुढे जागा असली तरी तिथेच. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "पुढं मले मळमळते." एसटीत मागे बसून ज्याची मळमळ थांबते असा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. त्या सारख्या मागच्या काचेतून बघत असत.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "पंपावर नाराज आहे ती. तो पूर्ण बरा झाला की बसन."

खरी गोष्ट मला काकूंनी गच्चीवर कुरडया घालताना सांगितली. त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. मे महिना, आणि गाडी घरात नवी आलेली. काकू करवली, नवरदेवाच्या मागे करा घेऊन त्यांनीच उभं राहायचं होतं. भर दुपारी कळमेश्वरच्या पुढे गाडी बसली.

"यायनं बॉनेट उघडलं अन् बसले पंपासंग गोष्टी करत," काकू म्हणाल्या. "दहा मिनिटं, दहा मिनिटं करत दोन वाजले. मागून कडब्याचा ट्रक आला. मी म्हटलं, चला. तर म्हणतात, 'पेशंटले सोडून कसं येऊ?' मी शालू नेसून कडब्यावर बसून गेली."

मी हसले. काकू हसल्या नाहीत.

"कडब्याचं काही नाही वं. झटकला की निघते. करा दुसरीनं धरला होता, तेही चालते. पण मांडवात जो तो विचारे, जवाई कुठी आहे? काय सांगू मी? जवाई रस्त्यावर पंपाजवळ बसला आहे? मी सांगितलं, गावात साथ आली, पेशंट सोडवत नाही. सगळे म्हणाले, कित्ती कामाचा माणूस! अन् मी आतून जळून राहिली." त्यांनी सोऱ्यावर सगळं अंग टाकलं. "तवाच म्हटलं, याले पंप पाहिजे ना, तर पंप घेऊनच फिर म्हणा. मी नाही बसत."

मला तेव्हा डॉक्टरांचा खरोखर राग आला. इतका की त्या संध्याकाळी ते पंपाची जीभ पाहायला मला बोलवायला आले तर मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं. मग डोकं कुठल्या बाजूने दुखतं यावर पाऊण तास गेला.

कडब्याची गोष्ट अर्थातच भावालाही कळली होती. माहेरात अशी गोष्ट झाकून राहत नाही. त्याने पुढच्या दिवाळीला जावयाला कपड्यांऐवजी एक कोरा करकरीत पंप दिला, खोक्यावर हळदकुंकू लावून. डॉक्टरांनी तो घेतला, आभार मानले आणि दवाखान्याच्या काचेच्या कपाटात औषधांच्या बाटल्यांमागे ठेवून दिला. तेव्हापासून नवरा-बायकोचं या एका गोष्टीवर अडलेलं होतं. "तो पंप बसवा, मी गाडीत बसते," काकू म्हणत. "हा बरा होऊ दे, मग बस," डॉक्टर म्हणत. नवा बसवला तर डॉक्टरांना साळ्यापुढे मान खाली घालावी लागणार, आणि जुन्याच पंपावर गाडीत बसल्या तर काकूंना. बाकी संसार दोघांचा उत्तम चालला होता.

मग त्याच भावाच्या मुलीचं लग्न निघालं. ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ होरपळत्या दिवसांत, गोरज मुहूर्तावर. काकू एकुलती एक आत्या, नवरीच्या पाठीशी त्यांनीच उभं राहायचं, म्हणून त्यांची धांदल चार दिवस आधीपासून. डॉक्टरांनीही पंप उघडून, धुऊन, पुसून बसवला होता. पहाटे निघायचं ठरलं होतं, पण लग्नसराईच्या गर्दीत सकाळच्या गाड्या भरून गेल्या आणि काकूंना एसटीत जागा मिळेपर्यंत दुपारचे तीन वाजले. मला लग्नाचं बोलावणं होतं. मी डॉक्टरांबरोबर गाडीत, मांडीवर पाण्याचा डबा आणि वाळ्याची उशी घेऊन.

कळमेश्वर मागे पडलं आणि गाडीने पहिला आचका दिला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी डॉक्टरांकडे. दुसऱ्या आचक्याला ती रस्त्याच्या कडेला थांबली. पुढे एसटी तशीच चालली होती. मागच्या काचेत काकूंचा जांभळा पदर दिसत होता, तो लहान होत होत दिसेनासा झाला.

मी उतरून बॉनेट उघडलं, उशी भिजवून पंपावर ठेवली. चर्र आवाज झाला. आता डॉक्टर पंपाशी बोलायला लागणार म्हणून मी सावली शोधत होते. पण ते रस्त्याकडे बघत उभे राहिले होते. दातसुद्धा ढकलत नव्हते.

"पोरी," ते म्हणाले, "डिक्कीत माझ्या औषधाच्या पेटीमागं खोका आहे. आण."

खोका ओळखीचा होता, दवाखान्याच्या कपाटातला. त्यावरचं हळदकुंकू अजून पुसटसं दिसत होतं.

"डॉक्टर, हा कशाला? दहा मिनिटांत जुना थंड होईल."

"त्या टायमालेही मी दहा मिनिटंच म्हटलं होतं." त्यांनी पाना हातात घेतला. "ती पोचन, अन् लोक विचारतीन, जवाई कुठी आहे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. काकूंचं खरं दुखणं कशाचं होतं हे त्यांना इतकी वर्षं माहीत होतं, आणि जगाला लक्षणं विचारणाऱ्या या माणसाला त्याच एका दुखण्याला हात लावायचा धीर झाला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी मुकाट्याने नळ्यांचे नट धरले. पंप चटका देत होता. डॉक्टर धोतराच्या सोग्यात धरून तो सोडवत होते आणि तोंडाने पुटपुटत होते, "माफ कर बाबू. तुह्या काही चुकीनं नाही. माह्या चुकीनं."

जुना पंप निघाला. इंजिनाच्या कुशीला नुसतं भोक राहिलं. एवढ्यात मी सहज मान वर केली, तर समोरून, त्या उन्हाने पांढऱ्या पडलेल्या रस्त्यावरून, कोणीतरी चालत येत होतं. जांभळा पदर डोक्यावर, हातात ओटीच्या सामानाची पिशवी, तोंड लालबुंद. लांब, पुढच्या थांब्यावर एसटी अजून माणसं भरत उभी होती. कंडक्टर दारात लटकून ओरडत होता, "बाई, लग्न चुकन जी!" काकूंनी मागे न बघता हात हलवला. एसटी धूळ उडवत निघून गेली.

"तू काहून उतरली?" डॉक्टर ओरडले. "मुहूर्त आहे ना!"

"तुमी दिसेना मागं," काकू धापा टाकत म्हणाल्या. "मले वाटलं..." काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचं लक्ष बॉनेटकडे गेलं होतं. "हे काय? काढून काहून टाकला?"

"नवा बसवून राहिलो."

"आत्ता? या उन्हात? ओली उशी ठेवायची, दहा मिनिटांत चालू होते तो. तुमीच सांगत असता ना!"

"तूच तर म्हणे, नवा बसवा."

"मी म्हटलं म्हणून आजच ऐकायचं? इतकी वर्षं ऐकलं का कधी?"

"मंग आता काय करू? जुना लावू परत?"

"लावा! चांगला चालत होता!"

"कुठी चालत होता वं? उभा तर आहे!"

आयुष्यभर जो ज्या बाजूने भांडला, तो नेमकी तिच्याविरुद्ध बाजू घेऊन भांडत होता, आणि मधे मी, एका हातात नवा पंप आणि दुसऱ्या हातात जुना. माझं डोकं फिरलं. "तुमचं ठरेपर्यंत मी इथे चक्कर येऊन पडते," मी म्हटलं, "मग मला बरं करत बसा दोघं!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरांच्या भाजलेल्या बोटांकडे पाहिलं. मग गाडीचं पुढचं दार उघडलं आणि आत बसल्या.

सीट तापून तवा झाली होती. त्यांनी पदर खाली घेतला, नीट टेकल्या आणि म्हणाल्या, "बसवा तुमाले कोणता बसवायचा तो. मी बसली आहे."

डॉक्टर पाना हातात धरून काचेतून त्यांच्याकडे बघत राहिले. पुढच्या सीटवर बसलेली आपली बायको त्यांना लग्नानंतर कधी नीट दिसलीच नसावी असं बघत राहिले. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "डॉक्टर, पंप."

नवा पंप पहिल्या खेपेला चुकीचा बसला, आतली दांडी इंजिनात जिथे टेकायला हवी तिथे टेकली नाही. परत काढला, परत लावला. खालची लहान तरफ हाताने दाबत राहिलो तेव्हा काचेच्या वाटीत पेट्रोल चढलं. डॉक्टरांनी सवयीने वाकून जीभ पाहिली, पण निकाल सांगितला नाही. किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. एवढ्या वेळात इंजिन चांगलं निवलं होतं; जुना पंप असता तरी ती सुरू झालीच असती. सायन्सवाली असून हे मी त्यांना सांगितलं नाही. ज्ञान गिळून बसण्याची माझी ती पहिलीच वेळ असेल.

जुना पंप डॉक्टर रस्त्याच्या कडेला ठेवून हात पुसत होते, तर काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला. "इकडं आणा तो. विसरून जासान." ज्या बाईने त्यांचा कोट भांडेवालीला दिला होता, तिने तो पंप वाळ्याच्या उशीत गुंडाळला आणि ओटीच्या पिशवीत, खणांच्या खाली ठेवला. "घरी गेल्यावर पाहा त्याच्याकडं," म्हणाल्या. "म्हातारा आहे, अन् उन्हात बसला."

मांडवाशी पोचलो तेव्हा सनईवाले कपडे ठीकठाक करत होते आणि सूर्य बगीच्यामागे गेला होता. काकू गाडीच्या पुढच्या दारातून उतरल्या आणि मांडवात एकदम गलका झाला. "आत्याबाई आल्या! जवाई आले, जवाई आले!" काकूंचे भाऊ फेटा सावरत धावत आले. बहिणीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशा पसरल्या.

"काय जवाईबुवा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बसवला ना मंग शेवटी माझा पंप?"

डॉक्टर पेशंटच्या बाबतीत कधी खोटं बोलत नसत. त्यांनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"कोणता तुझा पंप?" काकू म्हणाल्या. "तुझा तर औषधाच्या कपाटात पडला आहे, तसाच. यायच्याच पंपानं आलो आमी. कुठी थांबली नाही गाडी. विचार या मास्तरणीले, सायन्सची आहे."

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "हो. कुठेच नाही."

भाऊ जरा हिरमुसले. मग त्यांनी नाक वर केलं, इकडेतिकडे हुंगलं आणि वाकून पिशवीजवळ आले. "ताई, पण तुह्या पिशवीले पेट्रोलचा वास काहून येऊन राहिला?"

काकूंनी पिशवी छातीशी धरली.

"गाडीनं आली ना मी," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांना पुढे घालून मांडवात शिरल्या.